शिलाई मशीनच्या पेटीवर बुरशी आली तर काय करायचं (आणि काय नाही करायचं)

पोळा झाला की आमच्याकडं दिवाळीच्या शिलाईची गडबड सुरू होते, मग माळ्यावरच्या, कोठ्याच्या कोपऱ्यातल्या, कपाटामागच्या मशीनी एकेक करून खाली यायला लागतात, आणि दरवर्षी तीन-चार घरून तरी बोलावणं येतं की ताई जरा येऊन पहा ना, पेटीवर हे पांढरं पांढरं काय आलं. जाऊन पाहावं तर झाकणावर पिठासारखा थर, आत हिरवट-काळे ठिपके, आणि कुलूप उघडल्याबरोबर तो वास, ओल्या पोत्याचा असतो ना तसा, नाकात बसणारा. आमचं गाव दारव्ह्याकडं, यवतमाळ जिल्ह्यात. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडं तर आमच्यापेक्षाही जास्त पाऊस, तिकडच्या माझ्या मावसबहिणीकडं श्रावणातच हा प्रकार सुरू होतो. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच ठेवते.

पहिले हे सांगते की बुरशी म्हणजे घाण नाही, ती जिवंत गोष्ट आहे. तिला ओल पाहिजे आणि खायला पाहिजे. खायला लाकूड, पुठ्ठा, कापड, धूळ, आणि जुन्या पेट्या ज्या सरसानं चिकटवलेल्या असतात तो सरस, हे सगळं तिला चालतं. हवेतली आर्द्रता बरेच दिवस ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की ती धरतेच. म्हणजे तुम्ही कितीही घासून काढा, ओल तशीच राहिली तर महिनाभरात परत तेच. अर्धं काम पुसण्याचं आणि अर्धं वाळवण्याचं, हे डोक्यात ठेवा.

आता ती खरंच बुरशी आहे का हे पहा. बोट फिरवून पाहिलं आणि पावडर पसरली, राखाडी डाग उमटला, वास कुबट आहे, तर बुरशी. बोट फिरवूनही पांढरेपणा हलला नाही, नुसती झाकणाची चमक गेल्यासारखी दिसते, तर ते पॉलिश पाण्यानं पांढरं पडलेलं आहे, बुरशी नाही. पेटीखाली बारीक पिवळसर भुकटी पडली आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं दिसली तर तो लाकूड पोखरणारा किडा. आणि मातीच्या रेघा चढलेल्या दिसल्या तर उधई, मग पुसणं वगैरे नंतर, पहिले ती पेटी घरातल्या बाकी लाकडी सामानापासून दूर अंगणात न्या. आमच्या गल्लीत एका घरी बुरशी समजून महिनाभर पुसत बसल्या आणि आतून तळाची फळी उधईनं पोकळ केली होती, उचलायला गेलो तर मशीन खाली अन् फळीचा चुरा हातात.

बुरशी आहे हे पक्कं झालं की पेटी घरात उघडायची नाही. हे मी अगदी जोर देऊन सांगते. घरात झटकली, झाडूनं मारली, फडक्यानं कोरडीच पुसली तर ती भुकटी सगळ्या घरात उडते, गहू-तुरीच्या पोत्यांवर बसते, लेकरांच्या नाकात जाते. कुणाला दमा असेल, घरात बाळंतीण किंवा लहान बाळ असेल तर त्यांना तिकडं फिरकू देऊ नका. पेटी बंदच उचलून अंगणात नाहीतर सपरीत न्या, वारा तुमच्या पाठीकडून येईल असं बसा, नाकाला मास्क बांधा (कोरोनाच्या वेळचे एन-९५ घरात पडलेले असतात ते उत्तम, ओढणी गुंडाळून भागत नाही, भुकटी त्यातून आत जाते), हातात रबरी मोजे. शेजारी कुणाच्या कुरड्या-पापड वाळत असतील तर त्या दिवशी ते काम नको.

कुलूप उघडत नाही किंवा किल्ली हरवली, हे हमखास होतं. जोर लावू नका. कुलपाच्या भोकात मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका आणि रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी लहान चपट्या पेचकसानं हळूच फिरवलं तर जुन्या झाकणांची कुलपं बऱ्याचदा उघडतात, ती कुलपं साधीच असतात. झाकण निघालं की मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढून घ्या, कारण नंतर कोणता स्क्रू कुठचा हे आठवत नाही. मग मशीन मागं कलती करा, मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांच्या खिळ्यांवर ती बसलेली असते, त्यांचे बारीक स्क्रू ढिले केले की मशीन उचलून निघते. लोखंडाची जुनी मशीन दहा-बारा किलोची असते, एकटीनं उचलू नका, पायावर पडली तर बोट जाईल. मशीन वेगळी, पेटी वेगळी. बरेच जण हे काम टाळतात आणि मशीन आत ठेवूनच पुसतात, मग तळाच्या फळीतली ओल तशीच राहते आणि बुरशीची मुळं तिथंच असतात.

आता पेटी एक-दोन दिवस सावलीत, वाऱ्याला, झाकण उताणं करून तशीच राहू द्या. बुरशी ओली असताना पुसली की ती लाकडात चोळली जाते, वाळली की तिची भुकटी होते आणि सहज निघते. सावलीत म्हणजे सावलीतच. माझ्या सासूबाई आताही म्हणतात, "काहून वं इतकी जपत बसली, घासलेट मार अन् दे उन्हात टाकून, दोन दिवसात कडक होते." त्यांचं म्हणणं भांड्यांना, पोत्यांना, गाद्यांना बरोबर आहे, पण पेटीला नाही. जुन्या पेटीवर वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, आणि ओल्या लाकडाला एकदम आपलं विदर्भाचं ऊन लागलं की तो पापुद्रा उलतो, प्लायचे थर सुटतात, अर्धगोल झाकण असं वाकडं होतं की परत तळावर बसत नाही. सकाळी आठ-साडेआठपर्यंतचं कोवळं ऊन आतल्या बाजूला दाखवलं तर चालते, त्याच्यापुढं नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझ्या आईची हातमशीन आहे, वर अर्धगोल लाकडी झाकण, मधात धरायला पितळी कडी. आई गेल्यावर ती तीन वर्षं माहेरच्या माळ्यावर होती. मी आणली तेव्हा झाकणावर बुरशी होती, पण खाली पॉलिश एकदम शाबूत, तांबूस, आरशासारखं. मला एकानं सांगितलं की बुरशीला सर्जिकल स्पिरिट मार, सगळं मरते. मी कापसावर घेतलं आणि घासलं. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला कापूस चहाच्या रंगाचा झाला, मला वाटलं घाण निघते आहे, म्हणून अजून जोरात घासलं. मग बोट चिकटायला लागलं. पाहिलं तर पॉलिशच विरघळून येत होतं, आणि कडीच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला तो आजही तिथंच आहे, आईच्या हातानं जिथं पन्नास वर्षं पॉलिश चमकवलं होतं बरोबर त्याच जागी.

झालं असं की जुन्या पेट्यांवर लाखेचं पॉलिश असतं, चपडा लाख म्हणतात ती, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडं पळसाच्या झाडावर घेतात तीच लाख. ही लाख स्पिरिटमध्येच विरघळवून लाकडावर लावतात, म्हणून परत स्पिरिट लागलं की ती परत विरघळते, इतकं साधं आहे. म्हणून काहीही लावायच्या आधी पेटीच्या खालच्या बाजूला, जिथं कुणाला दिसत नाही तिथं, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटचा एक थेंब घासून पहा. कापूस तांबूस झाला किंवा जागा चिकट झाली तर लाख आहे, त्या पेटीच्या बाहेरून स्पिरिट बंद. काहीच झालं नाही तर ते नवीन प्रकारचं पॉलिश आहे, त्याला स्पिरिट चालेल.

लाखेच्या पेटीला बाहेरून काय करायचं मग? एक लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, बस. जुनं मऊ सुती कापड, धोतराचं असलं तर सगळ्यात छान, त्यात बुडवायचं आणि असं पिळायचं की एक थेंब पडला नाही पाहिजे. मग त्याची चौपट घडी करा, आठ कोऱ्या बाजू मिळतात, एक बाजू एकदाच वापरायची, एका दिशेनं पुसायचं, मागंपुढं घासायचं नाही, मग घडी पलटायची. आठ बाजू झाल्या की कापड बदला, पाण्यात परत बुडवू नका, नाहीतर बुरशीचं पाणी आपणच सगळीकडं लावत बसतो. प्रत्येक हातभर जागा झाली की लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या कारण लाखेवर पाणी राहिलं की पांढरे डाग पडतात. वापरलेली फडकी पिशवीत बांधून टाकून द्या, धुवून परत स्वयंपाकघरात आणू नका.

आतली बाजू वेगळी. आत बहुतेक वेळा पॉलिश नसतंच, कोरं लाकूड असतं, आणि बुरशी खरी तिथंच जास्त. तिथं मेडिकलमधून आणलेलं ७० टक्क्यांचं स्पिरिट वापरा. जास्त कडक म्हणजे जास्त चांगलं असं नाही, ७० टक्क्यांमध्ये थोडं पाणी असतं म्हणून ते लवकर उडून जात नाही आणि आतपर्यंत काम करतं. कापड ओलं करून पुसा, फवारा मारू नका, पाच-दहा मिनिटं वाळू द्या, परत एकदा पुसा. मात्र स्पिरिट पेट घेतं, जवळ चूल, अगरबत्ती, विडी काहीच नको, आणि ते वरून ओघळून बाहेरच्या लाखेवर जाऊ देऊ नका. आत हिरवं किंवा लाल फेल्ट, कापडी अस्तर असलं आणि त्याला बुरशी धरली असेल तर ते वाचवायच्या भानगडीत पडू नका, हळूच सोलून पिशवीत घालून फेका, नवं फेल्ट स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

ब्लीचचं सगळेच विचारतात. लाकडाला नको. ब्लीच वरवर डाग उडवतं म्हणून वाटतं काम झालं, पण त्यातलं पाणी लाकडात मुरतं आणि ओल वाढते, वरून कुलपाला, बिजागऱ्यांना गंज. प्लास्टिकच्या पेटीला मात्र चालते, दहा भाग पाण्यात एक भाग ब्लीच, दहा मिनिटं, मग साध्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवायचं. आणि ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये, स्पिरिटमध्ये किंवा अॅसिडच्या बाटलीतल्या कशातही मिसळू नका, विषारी वायू निघतो, हे मजेवारी घेऊ नका.

रेक्झिनच्या पेट्या, त्या सूटकेससारख्या, त्यांच्या रेक्झिनखाली पुठ्ठा नाहीतर पातळ प्लाय असतो. वरून पिळलेल्या कापडानं पुसलं की रेक्झिन स्वच्छ होते, पण कोपऱ्यात दाबून पहा, पुठ्ठा मऊ लागला, भिजलेल्या पोळीसारखा, तर ती पेटी गेली, कितीही पुसली तरी वास जाणार नाही. अशा पेटीचा मोह सोडा.

काळे डाग राहतीलच. बुरशी मेली तरी लाकडात तिचा रंग राहतो, तो डाग म्हणजे बुरशी अजून आहे असं नाही. आतल्या कोऱ्या लाकडाला २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासलं तर थोडा कमी होतो (मास्क लावूनच), पण बाहेरच्या पापुद्र्याला पेपर लावू नका, दोन हात मारले की खालचं लाकूड दिसायला लागेल. पापुद्रा कुठं उलला असेल तर पातळ चाकूच्या टोकानं खाली थोडं फेविकॉल सरकवा, वरून प्लास्टिकचा कागद, त्याच्यावर वरवंटा, आणि एक दिवस हात लावू नका.

कुलूप, कड्या, बिजागऱ्या यांना जुन्या टूथब्रशनं मशीनचं तेल लावा, गंज असेल तर घासलेट मिळालं तर घासलेट, नंतर कोरडं पुसून परत तेल.

वासाचं सांगते, कारण पेटी स्वच्छ दिसायला लागली तरी वास महिनोन्महिने राहतो आणि मग कपड्यांना लागतो, गिऱ्हाईक तोंड वाकडं करते. पेटी पूर्ण वाळल्यावर आत एका वाटीत खायचा सोडा आणि एका वाटीत लाकडाचा कोळसा ठेवून झाकण दोन-तीन दिवस बंद ठेवायचं, मग दोन-तीन दिवस उघडं, असं दोन-तीनदा. तरी वास राहिलाच तर आतून लाख मारायची. हार्डवेअरच्या दुकानात चपडा मिळतो, १०० ग्रॅम चपडा अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर टाकून ठेवा, सकाळी मलमलच्या कापडातून गाळा, आणि आतल्या कोऱ्या लाकडाला ब्रशनं दोन पातळ हात, मधात तास-दोन तासांचं अंतर. वास आत कोंडला जातो आणि ओलही लाकडात लवकर शिरत नाही. हे स्पिरिट विषारी असते, काम उघड्यावरच करायचं आणि बाटली लेकरांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. आणि पेटी ओली असताना लाख मारली तर ओल आतच अडकेल, म्हणून मी हे काम दसऱ्यानंतरच करते, पाऊस परततो, हवा कोरडी होते. श्रावण-भादव्यात बुरशी दिसली तर तेव्हा फक्त पुसून वाऱ्याला ठेवायची, पक्कं काम ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात.

मशीनचंही थोडं. काळ्या रंगावर ती सोनेरी नक्षी असते ना, तिला स्पिरिट, साबण, काच पुसायचं लिक्विड, काहीच लावू नका, नक्षी निघून येते. फक्त मशीनच्या तेलात भिजवलेला कापूस हळूच फिरवा. दात्याच्या वरची पट्टी खोला, खाली नमद्यासारखा कापसाचा थर बसलेला असतो, तोच ओल धरून ठेवतो, तो ब्रशनं आणि चिमट्यानं काढा, बॉबिन केस काढून शटलही. खोबरेल किंवा खायचं तेल कधीच नाही, ते घट्ट होऊन मशीन जाम होते. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी आली असेल तर पट्टाच बदला, काही जास्त पैसे लागत नाहीत. सुई नवी. पहिल्या पाच-सहा लाइनी चिंधीवर मारा म्हणजे जास्तीचं तेल तिच्यात उतरते, गिऱ्हाईकाच्या ब्लाउजवर नाही.

आता ठेवायचं कसं. आमच्या गावात बचत गटाच्या मशीनी ट्रेनिंग झाल्यावर एका बंद खोलीत फरशीवर ठेवल्या होत्या, वरून निळी ताडपत्री घट्ट बांधून. सगळ्यांना वाटलं चांगली झाकली आहे. पावसाळा गेल्यावर ताडपत्री काढली तर तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि एकही पेटी कोरी राहिली नव्हती. फरशीतून ओल वर येते आणि प्लास्टिक तिला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून खाली दोन-दोन विटा नाहीतर लाकडी पाट, भिंतीपासून निदान चार बोटं दूर, आणि वरून सुती काहीतरी, जुनं लुगडं, चादर. मातीच्या भिंतीला, जिथं पाणी झिरपते त्या कवेलूच्या कोपऱ्याखाली तर नाहीच.

कुलरचं कुणाच्या ध्यानात येत नाही. आपण म्हणतो मे महिन्यात ४५ डिग्रीत कशाची बुरशी. पण खोली बंद, कुलर दिवसरात्र सुरू, खिडकी लावलेली, आणि मशीन बरोबर कुलरच्या तोंडाशी. मी दोन घरी भर उन्हाळ्यात बुरशी पाहिली आणि दोन्हीकडं कारण कुलर. कुलरवाल्या खोलीत एक खिडकी उघडी पाहिजेच आणि मशीन दुसऱ्या खोलीत.

नवीन मशीनवाल्यांनी पण लक्ष द्या. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली तेव्हापासून शिंपीकाम करणाऱ्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळते, जिल्हा परिषदेकडूनही बायांना मशीनी मिळतात, आणि कित्येक घरी ती मशीन खोक्यातच आहे, लेकीच्या लग्नात द्यायची म्हणून किंवा जागा नाही म्हणून. पुठ्ठ्याचं खोकं हवेतली ओल ओढून घेते. खोक्यातून काढा, तेल द्या, सुती कापडानं झाका आणि पंधरा दिवसांतून एकदा चाक फिरवा.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर चांगलंच, पण त्या ओल भरल्यावर निकामी होतात, पावसाळ्यात महिन्याला बदला. बाजारात ते ओल ओढून डब्यात पाणी जमा करणारे डबे येतात, ते पेटीच्या आत नको, ते खारट पाणी सांडलं तर लोखंड खाऊन टाकेल. दोन-तीनशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळते, मी एक घेतलं आहे, मशीनच्या शेजारी ठेवते. ६० च्या खाली असलं की बिनधास्त. वर गेलं की त्या दिवशी पाऊस उघडल्याबरोबर झाकण काढून दार-खिडकी उघडून टेबलफॅन लावते तासभर. गेल्या दोन पावसाळ्यांत आईच्या पेटीवर एकही ठिपका आला नाही.